न धुतलेला फवारणी पंप

मंगळवार, करंजाडे

डोकं अजून तापलेलंच आहे. सोसायटीचे गुलाब करपले म्हणून चेअरमननी आमच्या माळ्याला, घरतकाकांना, सगळ्यांसमोर झापलं. "पंप धुवायला काय होतं?" काका एवढंच म्हणाले, "सायेब, मी किडीचंच औषध मारलं हाय."

खरंच होतं ते. रविवारी काकांना सुट्टी असताना चेअरमननी स्वतः त्याच पंपाने पार्किंगमधल्या गवतावर तणनाशक मारलं आणि पंप न धुताच ठेवून दिला. मी गॅलरीतून पाहिलं होतं. न धुता. आणि काल काकांनी त्याच पंपाने गुलाबांवर औषध फवारलं. मग आज मी गप्प का बसले? लाज वाटली स्वतःची.

आत्ता त्यांची बेल वाजवून सांगितलं, "पंप तुम्ही धुतला नव्हता. काकांची माफी मागा." त्यांनी दार लावून घेतलं. मी तिथेच जिन्यात उभी राहून सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, नावासकट.