किर्कतूतची एक्केचाळिसावी तुती

मी मोहिदिल, तुरसुनबोयची विधवा, वय वर्षे शहात्तर, धंदा रेशमाचे किडे पाळणे, राहणार किर्कतूत, फरगाना खोरे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते फिरवायची खटपट गावच्या वारसा समितीने पुष्कळ केली, पण जमलं नाही.

घर, हातमाग आणि सगळ्या रजया भाची दिलरबो हिला मिळाव्यात. पोरगी गुणाची आहे, पण कोणी काही म्हटलं की मान डोलावते. म्हणून अंगणातली तुती तिला देत नाही.

कारण सांगते. किर्क म्हणजे चाळीस, तूत म्हणजे तुती; त्यावरून गावाचं नाव. पण आमच्या बोलीत चाळीस म्हणजे पुष्कळ. "चाळीसदा सांगितलं, पाय धुऊन आत ये!" असं आई ओरडायची, तेव्हा ती काय मोजत बसायची? पण समितीचा अध्यक्ष इल्होम, त्याला कोण सांगणार! त्याने आधी 'चाळीस ऐतिहासिक तुती' अशी पाटी लावली आणि मग झाडं मोजली. भरली एक्केचाळीस.

"मावशी, तुमचं झाड सगळ्यात अलीकडचं. तेच जास्तीचं होतंय."

"मग पाटी बदल की, शहाण्या!"

"रंगवून झाली हो. तुम्ही आहात तोवर नाही हात लावत. नंतर बघू."

नंतर बघू म्हणे! तुरसुनबोयने आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं झाड ते. त्याच्या पाल्यावर किडे पोसले आणि किड्यांवर आम्ही. वारसा वारसा म्हणून बोंबलतात, तो आणखी काय असतो?

सबब, सदर तुती व तिच्या बुंध्याखालची जमीन मी शेजारीण सालोमात हिला देत आहे. ही बाई जन्मभर भिंतीवरून माझ्या फांद्या ओरबाडत आली. वर तोंड करून म्हणायची, "माझ्या हद्दीत आली ती माझी!" मी तिला नाही नाही ते बोलले आहे आणि त्यातला एकही शब्द परत घेत नाही. पण त्या पाल्याची किंमत तिला माझ्याइतकीच कळते. शिवाय इल्होम तिचा मुलगा आहे.

घरातली कुऱ्हाडही तिलाच द्यावी. इल्होमला लागलीच, तर त्याने आईकडे मागावी.

ठिकाण: किर्कतूत
दिनांक: २२ एप्रिल २०२३
सही: मोहिदिल

साक्षीदार: नॉरबोय, नानवाला
झुम्राद, सुईण

वाचलं, मान्य आहे. येऊ दे मेल्याला. आणि भिंतीकडची फांदी आजही माझीच.
सही: सालोमात