खिडकीची जागा तुझी

पुणे, ५ नोव्हेंबर

नागसेनच्या आईस सप्रेम जयभीम.

पत्राला पंधरा दिवस उशीर झाला, राग धरू नकोस. फोनवर बोललो असतो, पण नागसेन जवळच असतो. तुला एका डोळ्यानं वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली आहेत.

मी बरा आहे. सूनबाई पथ्याचं करून देते. तू वेळेवर जेवतेस ना?

पोरानं तुला फोनवर सांगितलंच आहे, तो भाड्यानं एक गाडी घेणार आहे. तिच्यात पलंग, शेगडी, मोरी, सगळं घरच. तिच्यातून आपल्याला लोणारला न्यायचं म्हणतो. कोणता महिना बरा, एवढंच त्यानं विचारलं. मी डिसेंबरला थंडी, मे महिन्याला ऊन, जुलैला चिखल सांगितला. तो वैतागला, "बाबा, तुमाले एकबी महिना चालत नाही काऊन?"

काय सांगू त्याला? मोतीबिंदूचं पोराला कळवायचं नाही, अशी शपथ तूच घातलीस. वर फोनवर हसून म्हणालीस, "मले काय दिसते बाहेरचं? खिडकीजवळ तुमीच बसा." ते हसणं मला झोपू देत नाही.

शेवटी मी फेब्रुवारी सांगितला. तेव्हा पळस फुललेला असतो. ऑपरेशननंतर महिनाभर धूळ नको, असं नांदुऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते. डिसेंबरात तारीख घेतलीस तर जमेल. घाबरू नकोस, मी आधी येतो. खिडकीशी तूच बसायचं.

महिनाअखेर तो गाडी ठरवणार आहे. तारीख घेतलीस की लगेच दोन ओळी टाक. खालची टपालपेटी मी आतापासूनच पाहू लागलो आहे.

तुझा,
कचरू