फोमखाली दार आहे

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहायला बसलो, नाहीतर म्हणशील भाऊ मोठा माणूस झाला. थोडासा झालोय खरा. मागच्या वर्षी दुकान बंद करायच्या गोष्टी करत होतो. जुन्या सोफ्याला नवं कापड लावून घेणारं गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. आता मान वर करायला फुरसत नाही, आणि याला कारण गाणं.

आमच्या गल्लीत आणि मागच्या रस्त्यावर मिळून गाण्याचे अकरा हॉल झालेत. बंद पडलेला छापखाना, बेकरी, टायरचं गोदाम; जिथे छप्पर आहे तिथे संध्याकाळी कोणीतरी गातंय. शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं येतात. त्यांच्या जिवावर चहावाला सावरला, शिंप्याकडे वादकांचे कोट शिवायला येतात. भाडी वाढली आणि घड्याळवाला बिचारा जागा सोडून गेला, तेही खरं. वरच्या मजल्यांवरच्या लोकांची झोप उडाली, ते पालिकेत गेले. पालिकेने नोटीस काढली की आवाज बाहेर आला तर हॉलला टाळं. तिथे माझं नशीब उघडलं. भिंतींना आतून फोम चिकटवायचा, वर काळं कापड ताणायचं. चार हॉल मी एकट्याने केले. आत कानठळ्या बसतात आणि बाहेर पाऊल टाकलं की सगळं चिडीचूप.

आपली चिमणी दर शनिवारी छापखान्याच्या तळघरात गाते. आधी तिच्या आईने तोंड वाकडं केलं होतं, आता कपडे वाळत घालताना तीच लेकीची गाणी गुणगुणते. दहा मेला चिमणीचा एकटीचा कार्यक्रम आहे. दीडशे माणसं बसतील. तू यायचंच.

कळावे. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा
धाकट्या

---

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. लहानपणी डबे बडवून तू घर डोक्यावर घ्यायचास आणि वडील कानात कापसाचे बोळे घालून बसायचे. त्याच पोराला आता आवाज दाबायचं काम मिळालं, म्हणजे देवालाही गंमत कळते. चिमणीला म्हणावं, घसा सांभाळ.

एक विचारते. फोम कुठला लावतोस? राखाडी, अंड्यांच्या ट्रेसारखे उंचवटे असलेला का? बावीस वर्षं कारखान्यात मी तोच कापला, म्हणून विचारते. वीतभर तुकडा पाकिटात घालून पाठव. म्हातारीची हौस समज हवं तर.

उत्तराला उशीर नको. घरातल्या सगळ्यांवरून माझा हात फिरव.

ताई

---

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुकडा सोबत आहे. तू म्हणालीस तोच निघाला. पुरवणारा म्हणतो की सगळीकडे हाच लावतात, मग आपल्याच मालाला काय धाड भरलीय?

माझ्या हाताची कमाल सांगतो. त्या तळघराला मागे एक लोखंडी दार आहे, पूर्वी कागदाचे गठ्ठे तिथून आत यायचे. मागच्या बोळात राहणाऱ्या म्हाताऱ्याची तक्रार होती की आवाज तिथूनच येतो. हॉल चालवणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, बंद करून टाका. मी कडी घातली, फटी भरल्या, वर फोमचे दोन थर आणि कापड. आता ते दार कुठे होतं हे मलाही चाचपून बघावं लागेल. म्हातारा स्वतः येऊन माझे आभार मानून गेला. जायला-यायला पुढचा जिना आहेच, दोन माणसं अंग चोरून जातील एवढा.

कार्यक्रमाचं विसरू नकोस. लोभ वाढता ठेव.

धाकट्या

---

ता. ९ एप्रिल

चि. धाकट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी काम.

तुझा तुकडा आज भरदुपारी अंगणात घमेल्यात ठेवला, शेजारी ओलं पोतं घेतलं आणि काडी लावली. दहा आकडे मोजून व्हायच्या आत तो संपला. जळाला असंही म्हणवत नाही. वितळला, आणि त्याचे पेटते थेंब टपकले. धूर काळा आणि जड. मी दारापर्यंत मागे सरले तरी घसा धरला. हा वीतभर तुकडा होता. तुझ्या भिंती किती वीत भरतील ते तूच मोज.

कारखान्यातली आग मी तुम्हाला नीट कधी सांगितली नाही. टाकी फुटली, ताईचे कान गेले, हात भाजले, एवढंच घरात माहीत. माझ्या शेजारच्या टेबलावर जी बाई फोम कापायची, तिला आगीने शिवलंसुद्धा नव्हतं. दुपारची डुलकी काढावी तशी ती टेबलावर डोकं टेकून बसली होती, कात्री हातातच. धुरात माणूस पळत नाही रे, खाली बसतो. आम्ही बाकीच्या मागच्या दाराने निघालो. ते उघडं होतं, कारण त्या दिवशी फार उकडत होतं. एरवी ते बंदच असायचं.

हे वाचून झालं की सुरी घे आणि ते दार मोकळं कर. चहा नंतर पी.

अनेक आशीर्वाद.
ताई

---

ता. २७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण तुला लिहायला तोंड नव्हतं. दार अजून तसंच आहे.

मालकीणबाईंना तुझं पत्र दाखवलं. त्या वाईट नाहीत, ताई. चिमणी तापाने फणफणली होती तेव्हा रोज येऊन उशाशी बसायच्या. त्यांनी सगळं वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, दहा मे होऊन जाऊ दे. दार उघडलं की आवाज जाणार, आवाज गेला की टाळं, आणि वीस-बावीस घरांच्या चुली त्या तळघरावर पेटतात. शिंपी म्हणाला, तू तोंड उघडलंस तर अख्ख्या गल्लीला कुलूप लागेल. पालिकेत गेलो. तिथल्या साहेबांनी आवाज मोजायचं यंत्र काढून दाखवलं आणि माझ्या कामाची तारीफ केली.

अजून एक आहे, ते मी घरातही बोललो नाही. काल तिथे कापड सैल झालं म्हणून बोलावलं होतं. मंचाच्या डाव्या अंगाचा दिवा भिंतीला टेकलेला. त्याच्यामागे फोमवर तळहाताएवढा तपकिरी डाग, मधोमध काळा. मी तेवढा तुकडा कापला, तिथे नवा लावला आणि कापड ताणून घेतलं. कोणाला दिसणार नाही. दुकानात आल्यावर सुईत दोरा ओवता येईना.

शिव्या दे, पण पत्र दे.

धाकट्या

---

ता. ७ मे

ती. आत्यास,
चिमणीचा सा. न.

बाबांना तू काय लिहिलंस ते तुलाच माहीत. काल आमचा सराव चालू असताना ते सुरी घेऊन आले, भिंत फाडली आणि मागचं दार उघडलं. बोळातल्या आजोबांची तक्रार गेली आणि आज सकाळी हॉलला टाळं लागलं. मी रडत घरी आले तर बाबा म्हणाले, "चिमणे, माझ्यावर रागव. पण जिवंत राहून रागव." मी त्यांच्याशी बोलत नाहीये.

पण कार्यक्रम होणार, आत्या. जुन्या बेकरीचा हॉल मिळाला, तारीख तीच. तिथे तीनशे माणसं मावतात, आणि भिंती बाबांनीच केलेल्या, त्यामुळे आवाजाची कटकट नाही. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, तूही कळवू नकोस.

तुझ्यावर राग आहे, तरी तू यावंस असं वाटतं.

चिमणी

---

ता. २८ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कंबर धरल्यामुळे तुला येता आलं नाही, हे कळलं. बेकरीचं मला शिंप्याच्या दारावरच्या जाहिरातीवरून समजलं. तिकीट काढून गेलो. तिथेही मागे दार आहे, पिठाची पोती आत घ्यायचं, आणि तेही मीच बुजवलंय; माझ्या चारही हॉलची मागची दारं अशीच फोमखाली गेलीत. त्याला पाठ लावून स्टुलावर बसलो, मांडीवर पिशवी, पिशवीत सुरी. चिमणी काय गायली ते मला विचारू नकोस. मी दिव्यांकडे बघत होतो. शेवटच्या गाण्याला लोकांनी लायटर पेटवून हात वर केले. सगळा हॉल झगमगत होता आणि मी पिशवीत हात घालून सुरीची मूठ धरली होती.

काही झालं नाही. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. आता शिंपी मला विचारतो, काय हो, कुठे गेली तुमची आग? आणखी सहा हॉल निघतायत. ते काम दुसऱ्या कुशनवाल्याकडे गेलं, तो हाच राखाडी फोम लावतोय. अग्निशमनवाल्यांना अर्ज दिला, ते म्हणतात नंबर लागला की येऊ. चिमणी दर शनिवारी बेकरीतच गाते, म्हणून मीही दर शनिवारी जातो. परवा तिथल्या मालकाने पिशवी उघडून बघितली. येत्या शनिवारपासून ती बाहेर ठेवायची आहे.

काय करू ते सांग. माया असू दे.

धाकट्या

---

ता. २ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कंबर आता बरी आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीने पोचते, घ्यायला ये. चारपैकी एक दार तू मोकळं केलंस, तीन उरली. बाकीच्या दोन हॉलवाल्यांशी सोमवारी बोलू, शनिवारी बेकरीत मी बसते. तुझी पिशवी बाहेर ठेवतील, माझी नाही ठेवणार. म्हातारीच्या पिशवीत औषधंच असतात असं लोकांना वाटतं.

गाणं मला ऐकू येणार नाही, त्यामुळे लक्ष तिकडे जाण्याची भीती नाही. फोम तापल्याचा वास मात्र माझं नाक झोपेतही ओळखतं. यातलं पोरीला काही बोलू नकोस. तिला एवढंच सांग, आत्या तुझं गाणं ऐकायला येतेय.

ताई