सालींची पावडर

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिमणी सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं. गेल्या आठवड्यात शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं बिस्कीट तिनं खाल्लं. त्यात शेंगदाणा होता. ओठ सुजले, श्वास कोंडला. बाईंनी दप्तरातलं इंजेक्शनचं पेन वेळेवर मांडीला टोचलं, म्हणून लेक हाती लागली. आता ती पुन्हा घर डोक्यावर घेते आहे. माझं मात्र पाव भाजताना सगळं लक्ष शाळेच्या फोनकडे.

अशात बेकरीत नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांनी एक बरणी आणून दिली. कांद्याच्या आणि सफरचंदाच्या सालींच्या अर्काची पावडर. रोज चमचाभर घेतली की शेंगदाणासुद्धा सोसतो, म्हणाले. तू प्रयोगशाळेत हेच सालपुराण उगाळत असतेस ना? हिचं म्हणणं, ताईंना विचारल्याशिवाय पोरीच्या तोंडात कणही जाणार नाही. त्यावरून आमचा अबोला आहे. तू हो म्हणालीस तर घरात दोन शब्द बोलले जातील.

तुझा धाकटा,
ढब्बू

ता. ९ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पोरीला जवळ घेऊन माझ्या वाटचा एक पापा दे.

मी हो म्हणणार नाही. सालींतली काही द्रव्यं झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं. अ‍ॅलर्जीत आपल्या शरीरातल्या काही पेशी उगीच बिथरतात. या द्रव्यांनी त्या शांत होताना मी काचेच्या ताटलीत पाहिल्या आहेत, उंदरांतही थोडी आशा दिसली. पण ताटलीला घसा नसतो रे. माणसाला किती द्यायचं, कुणाला द्यायचं, हे अजून आम्हालाच नीट ठाऊक नाही. लहान मुलांचं तर नाहीच नाही. उद्या उपयोग ठरला तरी तो डॉक्टरांच्या उपचारांना हातभार म्हणून. पेनच्या जागी कधीच नाही.

आणि त्या बरणीत सालींशिवाय काय आहे, हे कुणी पाहिलंय? ती न उघडता माझ्याकडे पाठव. शेजारच्या विभागातली माझी मैत्रीण खाण्याचे पदार्थ तपासते. तोवर बायकोशी बोलायला लाग. पहिला शब्द तुझा असू दे.

तुझी,
ताई

ता. २० मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

आधी बसून घे. बरणीत सालींचा अर्क नावापुरता आहे. वजन वाढवायला शेंगदाण्याची पेंड दळून घातली आहे, आणि वर तसं कुठेही छापलेलं नाही. मैत्रिणीनं पुन्हा तपासलं, पुन्हा तेच निघालं.

खाण्यातली भेसळ बघणाऱ्या सरकारी खात्याला आम्ही कळवलं आहे. त्या गृहस्थांनाही सांग, पण भांडू नकोस. त्यांनी मायेनंच दिली होती. वहिनीला माझा नमस्कार. वयानं मी मोठी असले तरी हा तिला माझ्याकडून पोचायलाच हवा.

तुझी,
ताई

ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र भट्टीसमोर उभ्यानंच वाचलं आणि पावांची अख्खी खेप करपली. हिला वाचायला दिलं. वाटलं, आता ऐकवेल, आणि ऐकवायचा तिला हक्कही होता. पण ती माझा पिठानं माखलेला हात धरून बसली. मग म्हणाली, थांबलात ना, तेवढं पुरे.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. धास्तीपोटी आपण पोरीचं काय काय उगीच बंद केलंय तेही पाहू, म्हणाले, आणि बदामापासून सुरुवात केली. काल दवाखान्यात त्यांच्या समोर तिला आधी बदामाचा कण, मग तुकडा, मग अख्खा बदाम दिला. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, ही माझ्याकडे. दुपार झाली तरी अंगावर साधा चट्टासुद्धा उठला नाही.

कसं वाटतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. चिमणीनं तोंड वाकडं करून सांगितलं, की बदाम अगदीच बेचव असतो, उद्यापासून नाही दिला तरी चालेल.

ताई, मी बाहेर जाऊन इतका हसलो की डोळे पुसावे लागले.

तुझा लोभ वाढता असावा. कमी करायचा झालाच तर आधी कळवावं.

तुझा,
ढब्बू