वेलीला लागणारा अंधार

रविवार, २ जून

पाण्याच्या फिल्टरचे हमीपत्र शोधत होतो. ते मिळाले नाही. खणाच्या तळाशी एक पाकीट मिळाले. वर मुलीचे अक्षर — "मॉर्निंग ग्लोरी. निळी. आपल्या गॅलरीतली. भिजवल्याशिवाय पेरू नये." खाली दोन वर्षांपूर्वीचे साल. आत तेवीस बिया — काळ्या, टणक, संत्र्याच्या फोडीसारख्या.

मुलीला हे घर सोडून दोन वर्षे होतील. ती दर वर्षी ही वेल लावत असे. वर्षाच्या आत मरणाऱ्या वेलीसाठी एवढे कष्ट कशाला, असे मी विचारी. त्यावर ती माझ्याकडे पाहून नुसती हसे.

सौ. दारात उभी होती. पाकीट तिने ओळखले. दूध उतू जाईल म्हणाली आणि आत गेली. गॅसवर दूध नव्हते.

बिया पेरायच्या असे ठरवले आहे. चांगली वस्तू वाया घालवणे मला पटत नाही, एवढेच कारण.

शनिवार, ८ जून

बियांचे कवच फार कठीण असते, ते थोडे खरवडावे लागते, असे वाचले. पॉलिश पेपरवर प्रत्येक बी चार वेळा घासली आणि कोमट पाण्यात टाकली. सौ.ने वाटी पाहून विचारले, हे औषध कधी घ्यायचे. बिया विषारी असतात, पोटात जाता कामा नयेत, असे मी गंभीरपणे सांगितले. ती म्हणाली, तुमच्या हातून मरायचं तर निदान चमच्याने द्या.

बऱ्याच दिवसांनी थट्टा केली.

रविवार, ९ जून

सहा कुंड्या. प्रत्येकीत तीन बिया, अर्धा इंच खोल, एकमेकींपासून चार बोटे. पाच बिया फुगल्या नाहीत, त्या बाद केल्या. कुंड्यांना क्रमांक दिले. सौ. म्हणाली, हजेरीही घेत जा.

शुक्रवार, १४ जून

क्रमांक चार उगवली!

सोमवार, १ जुलै

गॅलरीच्या कठड्यापासून छतापर्यंत बारा दोऱ्या बांधल्या. वेलीचे शेंडे दोरीला लागत नव्हते, म्हणून परवा मी स्वतः ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळून दिले. संध्याकाळी पाहतो तर सगळे सुटून हवेत! काल पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. मग खुर्ची घेऊन दोन तास पाहत बसलो. वेल उलट्या दिशेने चढते. तिला कोणी सांगावे लागत नाही.

आज कामावर, छापखान्यात, हे सांगण्याची चूक केली. माझ्यामागे मला तिथे 'फूटपट्टी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बांधणी विभागाचा प्रमुख म्हणाला की साहेबांचं न ऐकणारं कोणीतरी निघालं हे बरं झालं. सगळे हसले. मीही हसलो, पण उशिरा.

रविवार, ७ जुलै

आज पत्राची प्रत काढून वाचली. दोन वर्षांत प्रथमच.

मुलीने तिने निवडलेल्या गृहस्थांशी लग्न करायचे सांगितले तेव्हा मी आवाज चढवला नाही. मी पत्र लिहिले. अकरा मुद्दे, क्रमवार, टंकलिखित. एक प्रत स्वतःकडे. मुद्दा चार — "पोहायला शिकवणे हा छंद असू शकतो, व्यवसाय नव्हे." मुद्दा सात त्यांच्या आईच्या बोलण्याच्या पद्धतीविषयी. मुद्दा अकरा — "वरील सर्व विचारात घेऊनही निर्णय कायम असल्यास या घराशी संबंध संपला असे समजावे."

तिने ते माझ्यासमोर उभ्यानेच वाचले. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, यात एक तरी चूक आहे का हो? काना-मात्रेची सुद्धा?"

मी म्हणालो, नाही.

"तेच तर," म्हणाली, आणि बॅग भरायला गेली.

त्याच संध्याकाळी सौ.कडून मी शब्द घेतला — फोन नाही, पत्र नाही, भेट नाही. सौ. शब्दाला पक्की आहे. तीनही पाळले. पुढे लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. आम्ही गेलो नाही. पाकिटामागचा पत्ता मात्र मी उतरवून ठेवला.

आज प्रत पुन्हा तपासली. खरोखरच एकही चूक नाही. इतके निर्दोष लिहिलेले इतके वाईट असू शकते, हे बी.कॉम.ला कोणी शिकवले नाही.

रविवार, २१ जुलै

दर रविवारी खत, न चुकता. पाने तळहातापेक्षा मोठी झाली आहेत. वेली छताला पोचून परत खाली लोंबू लागल्या. गॅलरीत हिरवा काळोख. शेजारच्या काकूंनी विचारले की याची भाजी होते का. होत नसेल तर एवढी पाने कशाला.

कळी एकही नाही.

रविवार, ४ ऑगस्ट

कळी नाही. मुलीच्या वेळी या सुमारास रोज पहाटे वीस-पंचवीस फुले उमलत आणि दुपारपर्यंत मिटत. हीच गॅलरी, हेच ऊन, तिच्याच वेलीच्या बिया.

इथे खरे लिहिण्यास हरकत नसावी. पाकीट सापडले त्या दिवसापासून माझ्या मनात आहे की पहिले फूल वहीत दाबायचे आणि तिच्या पत्त्यावर पाठवायचे. सोबत काही लिहायचे नाही. लिहून पाहिले आहे — तीन मसुदे केले, तिन्ही फाडले. पहिल्याच ओळीनंतर मी क्रमांक घालू लागतो. फुलाला मुद्दे नसतात.

फूल आले नाही तर वेली दोन-तीन महिन्यांत वाळतील. बी धरणार नाही. त्या पाकिटातले आता काहीही शिल्लक नाही. मग मी काय पाठवू?

मंगळवार, ६ ऑगस्ट

खताचे प्रमाण वाढवले.

रविवार, १८ ऑगस्ट

शेवटी एक फांदी घेऊन रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाई वयाने माझ्याएवढ्या, बोलायला फटकळ. पानाला हात लावताच त्यांनी विचारले, खत किती घालता. मी तारीखवार सांगितले. त्या म्हणाल्या, "साहेब, खाऊ घालून घालून पहिलवान केलात की हो तिचा! पोट भरलंय, तिला फुलायची गरजच काय?" खत बंद.

मी निघालो तेव्हा त्यांनी हाक मारून थांबवले. गॅलरीत रात्री उजेड असतो का? मी म्हणालो, असतो, रात्रभर. त्यांनी कपाळाला हात लावला. या वेलीला लांब, सलग अंधार लागतो म्हणे. रात्र मोठी होत चालली असे तिला कळले तरच ती कळ्या धरते. दिवा जळत असेल तर तिच्या लेखी रात्र होतच नाही.

गॅलरीतला दिवा सौ. लावते. रोज, अंधार पडताच. बंद होतो तो सकाळी. मुलगी गेल्यापासूनचे आहे हे. चोराची भीती वाटत असेल, असे मी धरून चाललो. विचारले कधीच नाही. जे सुरळीत चालले आहे त्याविषयी विचारण्याची मला सवय नाही.

सोमवार, १९ ऑगस्ट

सौ. कपड्यांच्या घड्या करत होती. मी विषय काढला. रोपवाटिकेतल्या बाईंचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले आणि रात्री दिवा बंद ठेवावा असे सुचवले. तिचे हात थांबले.

एका फुलासाठी? तिने विचारले.

मी हो म्हणालो.

"फुलाचं काय करणार आहात पण तुम्ही?"

हे कोणालाही सांगायचे नव्हते. सांगितले. दाबायचे, पाकिटात घालायचे, तिच्या पत्त्यावर पाठवायचे. पत्ता माझ्याजवळ आहे, हेही सांगितले. तिने हातातला टॉवेल तोंडाला लावला. रडते आहे असे वाटले. पण तिने टॉवेल खाली घेतला तेव्हा डोळे कोरडे होते. बराच वेळ माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू लोकांच्या घोळक्यात कोणी ओळखीचे दिसावे.

"मला दोन दिवस द्या," म्हणाली.

दिवा बंद करायला दोन दिवस कशाला, हे मला समजले नाही. पण या वेळी कारण मागितले नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट

संध्याकाळी सौ.ने दिवा लावलाच नाही. दोनदा बटणापर्यंत हात नेला आणि परत घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, यातून जे काही होईल ना, ते तुम्ही केलंय असं समजा. मी नाही."

वेलीला काय होणार आहे, झाल्या तर कळ्या होतील, असे मी म्हणालो. ती हसली, पण ते हसणे काही धड नव्हते. जेवली नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट

पाचला जाग आली. सौ. शेजारी नव्हती. गॅलरीत स्टुलावर बसली होती, पानांमागे, खालच्या रस्त्याकडे तोंड करून. बरे वाटत नाही का, विचारले. म्हणाली, बरे आहे, झोपा तुम्ही.

दिवसभर तिला कशातच लक्ष नव्हते. दारावरची बेल दोनदा वाजली — एकदा टपाल, एकदा शेजारच्या काकू — दोन्ही वेळा जवळजवळ पळतच गेली. फुलासाठी मी तिला कसल्यातरी संकटात लोटले आहे, असे वाटू लागले आहे. रात्री म्हणालो की हवे तर दिवा लाव, फूल नको मला. ती नको म्हणाली.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

पहाटे साडेपाचला बेल वाजली. दार मी उघडले.

मुलगी होती. खांद्याला इस्पितळाच्या प्रयोगशाळेची बॅग, चार जिने चढून धाप लागलेली. मला पाहिले आणि भिंतीला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे आहात?"

सौ.ने मागून सांगितले — माझ्याशी बोलत होती की तिच्याशी, कोण जाणे. मुलीच्या कामाची बस रोज पहाटे पाच वीसला आपल्या रस्त्यावरून जाते. घर सोडताना जिन्यातच दोघींचे ठरले होते : गॅलरीत दिवा असला की घरात दोघेही बरे. काल दिवा नव्हता. आजही नव्हता. मुलगी पुढच्या थांब्यावर उतरून पळत आली. "शब्द फोनचा, पत्राचा आणि भेटीचा होता," सौ. म्हणाली. "दिव्याचं तुम्ही काही बोलला नव्हतात."

दोन वर्षे, रोज पहाटे. मी झोपलेला असे.

तिला आत ये म्हणालो. पुढची बस कितीला, असेही विचारले. दुसरे काही सुचले नाही. सव्वासातला, म्हणाली, आणि चपला काढल्या. आत्ता पाच वाजून पन्नास मिनिटे झाली आहेत. दोघी स्वयंपाकघरात आहेत. लेखन थांबवतो.