पप्पा, तुमची गाणी कशात लावू?

प्रिय पप्पा,

पत्र लिहितेय, कारण मला कुणावर तरी ओरडायचंय. तुमचा लेक निखिल बंगळूरला बसून फोन उचलत नाही. आईवर ओरडलं की ती जेवत नाही. नवऱ्यावर सकाळीच ओरडून झालंय. राहिलात तुम्ही. गेलात म्हणून सूट मिळेल असं समजू नका!

खरं तर मी घरी निघाले होते. चपलासुद्धा घातल्या होत्या. त्या काढून पुन्हा तुमच्या खुर्चीत येऊन बसलेय. का, ते शेवटी सांगते. आधी माझं ऐका.

गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी मी कोपरखैरण्याहून कामोठ्याला येतेय. आठवडाभर तुर्भ्याच्या कंपनीत डोकं पिकवून घ्यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी इथे बसून सॉफ्टवेअर शोधायचं. कशासाठी? तर तुमची गाणी आईच्या घरात वाजावीत म्हणून. दमले हो पप्पा. खरंच दमले.

तुम्ही गेल्यावर घरात गाणं नको, म्हणून कुणी तुमच्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. नंतर लावला तर तो चालूच होईना! कळंबोलीच्या दुकानदारानं उघडून बघितला. म्हणाला, "मॅडम, मशीन गेली. हार्ड डिस्क वाचली." आई म्हणाली, "तेवढं तरी वाचलं."

डिस्क नव्या लॅपटॉपला लावली आणि तुमचे फोल्डर दिसले. 'दाढी'. 'पेपर'. 'रविवार मटण'. 'पाहुणे आल्यावर'. 'पाहुणे गेल्यावर'. आणि 'हिचं'. गायकाचं नाव कुठेच नाही. मला हसू आलं. जासईच्या कंटेनर यार्डात नोकरीभर डबे लावलेत तुम्ही. जेवताना सांगायचात, "माल कुणाचा ते नंतर, कधी लागणार ते आधी. आधी लागणारा डबा खाली गेला की अख्खा दिवस गेला." गाणीही तशीच रचून ठेवलीत!

पण तुमचा तो जुना प्लेअर नव्या लॅपटॉपवर चालेना. म्हणून शोधाशोध सुरू झाली.

पहिल्या सॉफ्टवेअरला तुमची मांडणी बघवलीच नाही. विचारलं, लायब्ररी नीट लावून देऊ का? म्हटलं, लाव बाबा. चहा घेऊन येते तर फोल्डर गायब! सगळं गायकांच्या नावानं. आणि तुम्ही कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांना नावंच नाहीत, त्यामुळे निम्म्याहून जास्त गाणी 'अज्ञात कलाकार' या एकाच माणसाच्या खात्यावर. गाण्याचं नाव काय? 'ट्रॅक एक'. खाली पुन्हा 'ट्रॅक एक'. त्याखाली पुन्हा! का हो, रविवारच्या रविवार कॅसेटी उतरवत बसायचात, चार अक्षरं टाइप करायला काय झालं होतं? नशीब, मी डिस्कची कॉपी काढून ठेवली होती.

दुसऱ्यानं इंटरनेटवरून फोटो आणून गाण्यांना चिकटवले. भजनावर कुणाचा फोटो आला असेल? केस मोकळे सोडलेला, हातभर गोंदवलेला एक गोरा माणूस. आई चष्मा वर करून बघत राहिली. म्हणाली, "हे कोण गं? भजनी मंडळात नवीन आलेत का?"

तिसरं बरं होतं. ते मोबाइलवर चालायचं आणि तुमचे फोल्डर जसेच्या तसे दाखवायचं. पण आईचं बोट त्या काचेला कळतच नाही! जन्मभर भांडी घासून कडक झालेलं बोट, फोन ढिम्म हलत नाही. मग ती जोरात दाबते आणि कुठला तरी अलार्म लागतो. "जाऊ दे," म्हणते आणि फोन पालथा ठेवून देते.

इथे मला तुमच्यावर ओरडायचंय पप्पा. लग्न झाल्यापासून तुम्ही तिला एक बटण दाबू दिलं नाहीत. "तू राहू दे, मी लावतो." प्रेमानं म्हणायचात, मान्य. पण तिला शिकवायला काय हरकत होती? तिनं स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, माझं लावा." तुम्ही पेपरातून डोकं न काढता नुसतं बसून राहायचात. मग दुसरी हाक, चांगली चढ्या आवाजात. "अहो!" तेव्हा कुठे खुर्ची करकरायची. रोजचं होतं हे. आमचा अभ्यास त्या दोन हाकांच्या मधे चालायचा.

आता या घरात फ्रिज वाजतो आणि टीव्हीवरच्या सासवा-सुना भांडतात. मी फोन करून विचारते, "काय करतेस?" तर म्हणते, "बसलेय." ही बाई कधी नुसती बसलेली आठवते तुम्हाला? म्हणून माझी सगळी धडपड. मी नसताना, कुणीच नसताना, तिला तिची गाणी लावता यावीत. बाकी मला काही नको.

होळीला निखिल आला आणि त्यानं सगळं आपल्या हातात घेतलं. "ताई, तू उगाच टेन्शन घेतेस. आईला फक्त बोलायचंय. बोललं की गाणं लागेल." असा स्पीकर मिळतो म्हणे. पण तयार मिळतो त्याला त्यांनी ठरवलेल्या नावानं हाक मारावी लागते. आईनं साफ सांगितलं, "कोण कुठली परकी बाई, तिला मी माझ्या घरात हाका मारत बसू?"

तर निखिलनं दुसरं सॉफ्टवेअर शोधलं. घरातच ठेवायच्या, स्पीकर जोडलेल्या छोट्या डबीवर चालणारं, हाक आपण ठरवायची असं. कुठली हाक ठेवायची, हे तुम्ही ओळखलं असेलच. आई तुम्हाला मारायची तीच.

मला ते खटकलं, पण मी अडवलं नाही. दमले होते ना! म्हटलं, होतंय तर होऊ दे.

त्या सॉफ्टवेअरला हाक शिकवावी लागते. त्यासाठी आईचा आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचा. निखिलनं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"आई, म्हण. अहो."

"कुणाला?"

"कुणाला नाही गं. नुसतं म्हण."

"नुसतं कसं म्हणू?"

तुम्ही गेल्यापासून तो शब्द तिच्या तोंडातून निघालाच नव्हता. निघणार तरी कुणासाठी? शेवटी म्हणाली. शाळेत हजेरी देतात तसं, सपाट. निखिल म्हणाला, अजून. पुन्हा म्हणाली. अजून. पुन्हा. आणि मधेच कधी तरी, काय झालं कुणास ठाऊक, तिचा आवाज चढला. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यात आणि तुम्ही गॅस बंद केलेला नाहीत, तेव्हाचा आवाज. "अहो!"

मी दचकून तुमच्या खुर्चीकडे बघितलं. निखिलनंही बघितलं. आईनं नाही बघितलं. ती मोबाइलकडेच बघत होती. "झालं का तुझं?" म्हणाली.

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं का? सांगा ना. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

दुसऱ्या दिवशी ते चालू झालं. आई म्हणाली, "अहो, माझं लावा," आणि 'हिचं' सुरू झालं. पहिल्याच हाकेला! निखिलनं माझ्याकडे टाळी मागितली. त्यानं आणखी एक सोय केली होती, नुसती हाक मारली तरी आईचीच गाणी लागावीत. आई हसली. मुलांचं मन राखायला हसतात, तेवढीच हसली.

तो गेला. पुढच्या शनिवारी मी विचारलं, "लावतेस ना गाणी?" "लावते की." खोटं! ते सॉफ्टवेअर दाखवतं ना, शेवटचं कधी वाजलं ते. निखिल विमानतळावर गेला त्यानंतर एकदाही वाजलं नव्हतं.

मग गेल्या शनिवारी खालच्या मजल्यावरचे नाईक काका-काकू आले होते. काका आता काठी घेऊन चालतात. चहा झाला, सोसायटीच्या पाण्याबद्दल बोलून झालं. काकू उठल्या आणि काकांना म्हणाल्या, "अहो, चला ना, गोळीची वेळ झाली तुमची."

आणि स्पीकर टिंग वाजला. आणि 'हिचं' सुरू झालं.

काका बिचारे इकडेतिकडे बघायला लागले, आपला मोबाइल वाजला की काय म्हणून. मी बंद करायला धडपडले तर मलाच सापडेना कुठे बंद करायचं ते! आई शांतपणे उठली, भिंतीपाशी गेली आणि पिन उपटली. "सावकाश जा हं, लिफ्टपाशी ओलं आहे," म्हणून त्यांना दारापर्यंत सोडून आली.

मग कप गोळा करता करता म्हणाली, "मनू, माझ्यासुद्धा पहिल्या हाकेला ते कधी उठले नाहीत गं. दोनदा मारावी लागायची. हा मेला पहिल्याच हाकेला उठतो. आणि कुणाच्याही!"

आणि रडली पप्पा. तुमच्या दहाव्याला रडली नाही तेवढी रडली. कप हातात तसेच. मीही रडले. किती दिवसांचं साठलं होतं, माझं मलाच माहीत नव्हतं.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "मला बटण दाखव. डोळे अधू झालेत, अक्कल शाबूत आहे माझी."

तुला शिकायचंय का, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं तिला! मी नाही, निखिलनं नाही, तुम्ही तर नाहीच.

म्हणून आज पाचवं टाकलं. दिसायला अगदी गचाळ आहे. फोटो नाहीत, बोलत नाही, काही नीट लावून देत नाही. तुमचे फोल्डर तुमच्या क्रमानं, मोठ्या अक्षरांत दाखवतं, बस्स. लॅपटॉपला तुमचा जुना कीबोर्ड जोडलाय, खटखट वाजणारा. त्यावर आईचं बोट बसतं. वरचा बाण, खालचा बाण, एंटर. एंटर सापडेना, तर ती आत गेली आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आली. तुम्ही गेल्यावर तिनं बंदच केलंय लावायचं. लाव म्हणून मी किती भांडले तिच्याशी! त्यातली एक मोठी मरून टिकली काढून तिनं एंटरवर चिकटवली. "आता हाताला लागतंय," म्हणाली.

मग बाण दाबत एकेक फोल्डर मोठ्यानं वाचला आणि थांबली.

"ह्यांचं कुठाय?"

"काय ह्यांचं?"

"अगं, माझं आहे, पाहुण्यांचं आहे. ह्यांचं कुठाय?"

मी शोधलं. नव्हतंच. पाहुणे गेल्यावरचीसुद्धा सोय केलीत पप्पा, आणि स्वतःची नाही केलीत?

"मग नवीन कर," आई म्हणाली. "नाव टाक. ह्यांचं."

दुपारभर आम्ही दोघी तेच करत बसलो. ती एकेक गाणं ऐकायची आणि निकाल द्यायची. "हे टाक, ह्यावर त्यांचा अंगठा हलायचा." "हे नको, हे लावून घोरायचे." आणि गंमत सांगू? 'हिचं'मधली अर्ध्याहून जास्त गाणी तिनं तिकडे हलवायला लावली! "मला कुठे आवडायचं हे? माझ्या नावावर स्वतःचंच ऐकायचे." पकडले गेलात पप्पा!

संध्याकाळ झाली. मी पर्स उचलली, चपला घातल्या. आई कणीक मळत होती. आणि आतून हाक आली.

"अहो."

मी दारातच थांबले. स्पीकर तर केव्हाच खोक्यात गेलाय. घरात कुणीच ओ दिली नाही. थोडा वेळ गेला. मग दुसरी, चढ्या आवाजात. "अहो!"

मग ती गाउनला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कीबोर्डवरची टिकली चाचपली आणि स्वतः बटण दाबलं. 'ह्यांचं' लागलं. ती पुन्हा पोळ्यांकडे गेली.

म्हणून चपला काढल्या आणि हे लिहायला बसले. आता ओरडायचं काही उरलं नाही.

पप्पा, शब्द देते. तुमचे फोल्डर पुन्हा कुठल्याही सॉफ्टवेअरला नीट लावू देणार नाही. आणि आईच्या पहिल्या हाकेला उठणारं काहीही या घरात येऊ देणार नाही. तुम्ही निवांत पेपर वाचा. तिला दोनदा हाक मारू द्या, नंतर ती लावते तिची तिची.

तुमच्याच करकरणाऱ्या खुर्चीतून,
मनू