नानांचा सिंहवाला साधू

प्रिय नाना,

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजी आले, खीर झाली, अ‍ॅशबर्नमधली सगळी मराठी मंडळी जेवून गेली. आणि आज तुमच्या फोटोसमोर उभं राहायची मला लाज वाटतेय. म्हणून लिहितोय.

म्युझियम आठवतं? मी मोठमोठ्या चित्रांसमोर तुमचे फोटो काढत होतो आणि तुम्ही अडकलात एका वीतभर चित्रापाशी. गुहेपुढे गुडघे टेकलेला हडकुळा संत, शेजारी निवांत सिंह, मागे निळे डोंगर, नदी. पाचशे वर्षांपूर्वीचं, इटलीतलं. "अरे, हे भिंतीसाठी नाहीच! कुणाच्या तरी घरच्या पूजेतलं आहे," म्हणालात आणि चक्क बूट काढायला लागलात. "नाना, लोक बघतायत!" मी खेकसलो.

तुम्ही त्याचं पोस्टकार्ड घेतलंत आणि घरी थेट बाळकृष्णाशेजारी ठेवलंत. रोज गंध, फूल. गंध सिंहालासुद्धा! मी म्हणायचो, "नाना, बाटलात की काय?" तुम्ही हसायचात. "रानात बसून देवाचं नाव घेतोय बिचारा. तो कसला परका?"

काल गुरुजी यायच्या आधी मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. तुमच्याच श्राद्धाला! तुमच्याबरोबर वॉकला येणाऱ्या काकूंनी विचारलंच, "नानांचा सिंहवाला साधू कुठंय रे?"

"कुठला साधू, काकू?" मी म्हणालो. सगळ्यांदेखत.

सगळे गेल्यावर मेघना भांडी डिशवॉशरला लावत होती. तिला म्हटलं, बरं झालं लपवलं. ती म्हणाली, "त्यात नवीन काय? तुझे फ्रेंड्स येणार असले की नाना स्वतःच कार्ड काढून स्वेटरच्या खिशात घालायचे. 'त्याला ऑकवर्ड होतं गं, सांगू नकोस,' म्हणायचे."

नाना, मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागवायचं तरी! सुनेला सांगितलंत, मला का नाही? माझी अब्रू सांभाळायला तुम्ही आपला देव खिशात घालून सोफ्यावर बसायचात, आणि मी समोर बसून चहा प्यायचो.

आज अंघोळ करून कार्ड परत ठेवलं. गंध लावताना हात चुकला, संताच्या दाढीला लागलं. चालेल ना?

शनिवारी हीच मंडळी पुन्हा जेवायला येतायत. काकूंना मी हाताला धरून देवघरापाशी नेईन. श्राद्धाच्या दिवशी खोटं बोललो, हे सगळ्यांसमोर कबूल करीन. आणि कुणी विचारलंच हे कोण, तर मान खाली न घालता सांगेन, हे माझ्या वडिलांचे देव.

तुमचा,
सुहास